हौश्याची खांदेमळणी

आमच्या गोठ्यातला शेवटचा बैल प्लॅस्टिकचा होता, आणि त्याला बॅटरी मीच बसवली होती.

मुळात तो बैल नव्हताच. ती परग्रहावर चालणारी चार पायांची गाडी होती! खोक्यावर तसं चित्र होतं. लालभडक डोंगर, आकाशात दोन चंद्र आणि खाली ही धिप्पाड गाडी पाय उचलून निघालेली. आमची मुक्ता पुण्याला इंजिनिअरिंगला गेली, तेव्हा ब्लॉक जोडायचा हा खोका माळ्यावर टाकून गेली. दिवाळीच्या सुट्टीत मी माळा आवरायला वर चढले आणि खोका घेऊन खाली उतरले. माळा अजून आवरायचा राहिलाय.

मी मिरजगावात शाळेवर विज्ञान शिकवते. वय सेहेचाळीस. या वयात बायका भिशी लावतात, साड्या घेतात. मी एवढ्याएवढ्या दात्यांची चाकं मागवायला लागले! कारण सातशे तुकडे जोडून ती गाडी उभी केली, तर ती नुसती उभीच. पाय आपण हातानं हलवले तर हलणार. मग खोक्यावर चालती कशाला दाखवलीत? मला फसवलेलं खपत नाही. मी म्हटलं, आता हिला चालवूनच दाखवते. मोटार घातली, बॅटरी घातली, चारी गुडघे उसकटून नव्यानं बांधले.

"अगं, लोक काय म्हणतील? मॅडमला पुन्हा लहानपण आलं!" हे आमचे बाळासाहेब. त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे.

"तुम्ही दिवसभर नटबोल्टच विकता ना? मग मी चार जोडले तर कुठं बिघडलं?"

"माझ्या नटबोल्टानं नांगर चालतो."

"माझ्यानं गाडी चालेल!"

गाडी मात्र चालेना. तिसऱ्या पावलाला नाकावर पडायची. अशात मुक्तानं माझ्या नकळत फोटो पाठवले आणि नगरहून निरोप आला. मोठ्या माणसांनी केलेल्या ब्लॉकच्या मॉडेलांचं प्रदर्शन होतं. मला एक टेबल मिळणार, टेबलावर माझ्या नावाची पाटी. आणि मॉडेल त्या टेबलावर टोकापासून टोकापर्यंत स्वतःच्या पायांनी चाललं, तर पुण्याच्या मोठ्या प्रदर्शनात जागा! मुक्ताची आई म्हणून, बाळासाहेबांची मिसेस म्हणून, आठवी 'ब'च्या बाई म्हणून मला आजवर पुष्कळ ठिकाणी बसवलंय. नुसत्या शैलजाला कुणी टेबल दिलं नव्हतं. मला पुण्याचं ते टेबल हवं होतं. अगदी जीव टाकून हवं होतं.

आमचे सासरे आप्पा खाटेवर बसून हे पडणं रोज बघायचे. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेले तशी दोन वर्षांपूर्वी त्यांनी शेवटची बैलजोडी विकली. गोठ्यात आता दुकानाचे टायर असतात. एके दिवशी त्यांना राहवलं नाही.

"सूनबाई, बैल असा चालत न्हाई."

"आप्पा, हा बैल नाही. ही परग्रहावरची गाडी आहे."

"आसंल. पर पाय चार हायेत न्हवं?"

"आहेत."

"मग झालं तर. जा, दगडूच्या बैलांमागं चाल जरा. पाय बघ त्यांचं."

आणि मी गेले! (हे मी शुद्धीवर असताना केलंय.) शेजारचे दगडूभाऊ बैल घेऊन मळ्याकडं निघाले होते. मागं मी, हातात वही-पेन, कमरेतून वाकलेली. निम्म्या रस्त्यात त्यांनी वळून पाहिलं.

"मॅडम, काय हरवलंय का?"

"नाही नाही, तुम्ही चला. मी पाय बघतेय."

"कुनाचं?"

"बैलांचे, दगडूभाऊ! बैलांचे!"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मॅडम बैल घेणार आहेत. दुसऱ्या दिवशी दोन दलाल दारात! एकानं तर खिलारी जोडीचे फोटोच आणले होते. बाळासाहेबांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

पण चाल सापडली. आधी मागचा डावा, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा. एका वेळी एकच पाय वर, बाकीचे तीन जमिनीवर. मी चाकं फिरवून तशी बसवली आणि गाडी स्वयंपाकघराच्या दारापासून पार ओट्यापर्यंत चालत गेली! मी टाळ्या पिटल्या. आप्पा खाटेवरून उठलेच.

"हौश्या! आगदी हौश्याच!" हौश्या म्हणजे त्यांचा विकलेला बैल.

इथून पुढं मॉडेल माझं राहिलं नाही. रोज आप्पांची एक सूचना. "मान खाली घे, जोर पुढं येतो." घेतली. "छाती रुंद कर." केली. बॅटरीचा डबा पोटाखाली मावेना म्हणून मानेमागं बसवला, तर आप्पा खूश, "हां, आता वशिंड आलं!" माझी गाडी आता कुठल्याही परग्रहावर उतरली असती, तरी तिथल्या लोकांनी तिच्यापुढं पेंडच टाकली असती.

त्यात प्रदर्शन आलं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी. शुक्रवारी शाळेत निघताना मी आप्पांना म्हणाले, "आप्पा, हिच्याकडं लक्ष ठेवा. मांजर फिरतंय. तुमच्या बैलांकडं ठेवत होतात ना, अगदी तस्सं ठेवा."

हे वाक्य माझं. कुणाला दोष देऊ?

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर तुपाचा वास. आप्पा ओसरीवर, मांडीवर माझी गाडी, शेजारी वाटीत हळद कालवलेलं तूप. आणि त्यांचं बोट गाडीच्या पुढच्या पायाच्या सांध्यात पार आत गेलेलं! पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून दुखलेले खांदे हळद-तुपानं मळायचे आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. मला सगळं ठाऊक होतं. पण प्लॅस्टिकला?

"आप्पा! काय करताय हे!"

"हळू बोल की. त्याला कान हायेत."

"त्याला कान नाहीत! मी कान बसवलेलेच नाहीत!"

"मग बशीव. आवतण कुटं द्यायचं मी?"

आणि ते बॅटरीच्या डब्याशी वाकून पुटपुटले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मी तोंड उघडलं होतं. चांगलं खणखणीत बोलणार होते. तेवढ्यात ते हात पुसत म्हणाले, "दोन वर्सं झाली सूनबाई. ह्या दिशी हात कोरडाच ऱ्हातुया." माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि अंगाचा तिळपापड झाला, दोन्ही एकदम! जुनं धोतर घेतलं आणि गाडी वरून पुसून काढली. मग भीत भीत बटण दाबलं.

तर गाडी अशी चालली म्हणून सांगू! कुरकुर नाही, अडकणं नाही, लोण्यासारखी.

"बघ, खांदा मोकळा झाला," आप्पा म्हणाले.

आणि मी त्यांना थँक्यू म्हणाले! मी! घर्षण नसतं तर माणसाला पाऊलही टाकता आलं नसतं, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते आणि खाली दोन रेघा मारते. त्या गाडीचे चारी पाय अंगाला नुसत्या प्लॅस्टिकच्या पिनांनी जोडलेले होते. पिना बसलेल्या होत्या त्या घर्षणावर, दुसरं तिथं काही नव्हतं. पण पोरांना शिकवलेलं बाईंच्या स्वतःच्या डोक्यात असावंच, असा काही नियम नाही.

पोळ्याला मी दिवसभर पुरण वाटत होते. तेवढ्यात आप्पांनी माझ्या ठेवणीतल्या ब्लाऊजपिसाची झूल कापली, बेगड चिकटवली आणि गाडी कडेवर घेऊन मारुतीच्या देवळाशी खऱ्या बैलांच्या रांगेत उभे राहिले. दगडूभाऊंच्या बैलानं तिला दोनदा चाटलं म्हणे. हे मला रात्री जेवताना सांगितलं, कौतुकानं. मी पुन्हा वरूनच पुसली. खोलून बघायचं त्राण उरलं नव्हतं.

रविवारी गाडीतून निघालो. बाळासाहेब चालवायला, मी शेजारी, मागं आप्पा आणि त्यांच्या मांडीवर हौश्या. वर ऊन, खाली खड्डे. तूप पातळ व्हायला आणि पिना सैल व्हायला आणखी काय लागतं? प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होतं. टेबलावर पाटी होती, 'शैलजा'. मी तिचे तीन फोटो काढले. आप्पांनी पाटीला हात लावून पाहिला.

परीक्षक आले. चष्मा लावलेला पंचविशीतला पोरगा, हातात फळी, फळीला गुणांचा तक्ता अडकवलेला. भोवती चाळीसेक माणसं जमली.

"चालवा मॅडम."

मी बटण दाबलं. मागचा डावा. पुढचा डावा. मागचा उजवा. वा! पुढचा उजवा निघाला... आणि निघालाच. पाय तिथंच उभा राहिला, गाडी पुढं गेली! मग दुसरा पुढचा. गाडी गुडघ्यावर आली, मागच्या दोघांनी तिला वीतभर ढकललं आणि तेही सुटून आडवे झाले. टेबलावर पिवळा ओघळ आला.

परीक्षकानं एक पिन उचलली, नाकाशी नेली. "मॅडम, हे... तूप आहे?"

"घरचं हाय," आप्पा म्हणाले, "गाईचं."

दहा मिनिटं वाढवून मिळाली. मी पिना पदरानं पुसल्या, रुमालानं पुसल्या. आत सारली की सुळकन बाहेर, आत सारली की सुळकन बाहेर! बाळासाहेब कानाशी आले, "चिकटवायची ट्यूब आणू का?" मी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते थेट शेजारच्या टेबलावरचा ब्लॉकचा राजवाडा बघायला निघून गेले. दहा मिनिटं संपली.

"सूनबाई," आप्पा हळूच म्हणाले, "माझ्यामुळं झालं व्हय गं?"

"व्हय!" मी ओरडले. सगळ्यांसमोर.

ते सुटलेला एक पाय उचलून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. राग होताच. पण मला माझीच इतकी लाज वाटली की पुसायची सोय नाही. पुणं तर गेलंच होतं. म्हटलं, निदान या म्हाताऱ्यानं सांगितलेली चाल तरी वाया जाऊ द्यायची नाही.

"गाडी पडली ती माझ्या चुकीनं," मी परीक्षकाला म्हणाले. "चाल बरोबर होती. आणि ती यांनी शिकवली."

"कशी होती चाल? सांगा ना."

सांगितली.

"म्हणजे दोन्ही डावे एकदम?"

"एकदम नाही! आधी मागचा, मग पुढचा!"

"अच्छा, मग पुढचा उजवा."

"मागचा! मागचा उजवा!"

"म्हणजे तिरपे पाय..."

वर्गात हे तिसऱ्यांदा झालं की माझं डोकं सटकतं. तिथंही सटकलं. पदर खोचला आणि मी सरळ त्या मंगल कार्यालयाच्या सतरंजीवर चारी पायांवर उतरले!

"आता नीट बघ बाळा! मागचा डावा! पुढचा डावा! मागचा उजवा! पुढचा उजवा! तीन जमिनीवर आहेत की नाही? मोज!"

"तीन आहेत, मॅडम!"

"हां, आता वळायचं न्हाई, नीट फुडं!" मागून आप्पा. आवाजात जान आली होती. "मान खाली! हिर्रर्र, चल!"

मी चालले. टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकही पाय न चुकवता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघांनी व्हिडिओ काढला. बाळासाहेबांनी राजवाड्याच्या खिडक्या मोजायला घेतल्या. आप्पा मात्र हात वर करून सगळ्यांना सांगत होते, "आमची सून हाय ती! शाळंत मास्तरीन हाय!"

निघताना त्या पोरानं तक्ता घडी करून माझ्या हातात दिला आणि मान खाली घालून घाईघाईनं निघून गेला. मी गाडीत बसून उघडला. 'टोकापासून टोकापर्यंत स्वतःच्या पायांनी चालले का? होय. चाल: दहापैकी दहा. पुण्यासाठी निवड: झाली.'

आणि सगळ्यात खाली, सूचना: 'मॉडेलचे वजन कमी करण्यास बराच वाव आहे.'