आधी थिअरी

वसईहून भुईगावला जाणाऱ्या बसमध्ये एक गृहस्थ रोज माझ्या शेजारी बसत. चष्मा कपाळावर सरकवून तिकिटाच्या मागे पेन्सिलीने गिटारच्या कॉर्ड लिहीत: सी, एफ, जी आणि परत सी. मग मध्ये एखादा ए मायनर घुसवत आणि आपणच खूश होऊन मान डोलवत.

एकदा मी विचारलं, "अंकल, गिटार कुठली तुमची?"

पगार विचारल्यासारखे ते दचकले. "गिटार? आधी थिअरी पक्की होऊ दे. हल्लीची पोरं सरळ वाजवायलाच लागतात!"

खरंच, काय हा उतावळेपणा!

मग त्यांच्या मुलीचं लग्न आलं. बसमधल्या आम्हा सगळ्यांना आमंत्रण होतं. नवरा-नवरी पहिल्या नाचाला उभी राहिली, तर बँडचा गिटारवाला गायब.

"पप्पा वाजवतील!" नवरी कौतुकाने ओरडली. "रोज प्रॅक्टिस करतात ते!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी त्यांच्या हातात गिटार दिली. दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तशी त्यांनी ती धरली. लेक हसत उभी.

अंकलनी घाम पुसला, ते माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "खिशात एखादं तिकीट आहे का?"