जावई फुगला, त्याची हकिकत

माझ्या तमाम सासुरवाडीस, तिच्या भाऊबंदांस आणि चोपडा तालुक्यातल्या त्या गावच्या पारावर आजही बसणाऱ्या मंडळींस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका आखाजीला प्रस्तुत लेखक सासऱ्यांच्या ओसरीवर रुसून बसला होता, ही बातमी साफ खोटी आहे. लेखक रुसला नव्हता. लेखक सुजला होता. त्या प्रसंगी मिळालेली सोन्याची अंगठी मात्र परत केली जाणार नाही.

एवढं जाहीर झालं. आता मोकळेपणाने सांगतो.

आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण. माहेरी यायचं, झोके बांधायचे, गाणी म्हणायची, खापरावरच्या पुरणपोळ्या आमरसात बुडवून खायच्या. जावयाने फक्त बायकोला न्यायला जायचं आणि मानपान करून घ्यायचा. मी धुळ्याच्या एका कचेरीत कारकून आणि संध्याकाळी हौशी नाटकांतला खलनायक. मानपान करून घेणं मला कोणी शिकवावं लागत नव्हतं.

त्या सकाळी जाग आली तेव्हा खालचा ओठ जड लागत होता. आरशात पाहिलं तर माझ्या तोंडाच्या जागी कुणीतरी दोन केळी चिकटवून गेलेलं. गालही भरत आलेले. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं, लाल नव्हतं. नुसतं फुगत होतं. बोलायला गेलो तर शब्द ओठांतच अडकले. नाटकातल्या माणसाला दुसरं काहीही चालेल, हे नाही. मी टॉवेल डोक्यावरून घेतला, ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड केलं आणि बसलो.

आता तुम्हीच सांगा, आखाजीच्या दिवशी जावई भिंतीकडे तोंड करून बसला, चहा नको म्हणतो, एक शब्द बोलत नाही, तर त्याचा अर्थ काय?

सासरे, म्हणजे आबा, केळीच्या बागेतून आले ते थबकलेच. त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं.

"जवाईबापू, आमनं काय चुकनं?"

मी नकारार्थी मान हलवली. काही चुकलं नाही, असं मला म्हणायचं होतं. आबांनी ऐकलं ते वेगळंच: सांगण्यासारखंसुद्धा राहिलं नाही.

"टेबलफॅन देऊत?" मी मान हलवली. "घड्याळ?" पुन्हा हलवली. आतून सासूबाईंची कुजबुज, शेजारच्या चुलत्यांचं खाकरणं, पोरांची गर्दी. "मंग अंगठी?" तोवर माझी मान दुखायला लागली होती. एकदाचं संपू दे, म्हणून मी ती वरखाली केली.

ओसरीने सुटकेचा निःश्वास टाकला.

बायको झोक्यावरून आली तेव्हा अंगठी माझ्या बोटात होती. तिने टॉवेल ओढला आणि ती किंचाळली, "अगं आई, हा राग नाहीये, ही सूज आहे!" पण ऐकतो कोण! तिसऱ्या दिवशी ओठ आपोआप उतरले आणि आबांची खात्रीच पटली. पारावर ते सांगत फिरले, "सोनं पडनं आनि फुगा उतरना."

शिवाय आमचं घराणं त्यांच्या कानावर होतंच. आमच्या गावात आम्हाला 'फुगऱ्या' म्हणत. वडिलांना घरात नाना म्हणत. त्यांचा एक डोळा मधूनच बंद व्हायचा, गाल गोल व्हायचा, मग ते दोन दिवस मळ्यातच राहायचे. लोक म्हणायचे, फुगला. रुसण्याला आणि सुजण्याला आपल्याकडे हा एकच शब्द, आणि त्या शब्दाने आमच्या घराचा पुरता निकाल लावला होता. लहानपणी मलाही वाटायचं, नाना रागीट आहेत.

आखाजीनंतर मात्र माझी झोप गेली. कधी हाताचा पंजा फुगायचा आणि कचेरीत पेन धरता यायचं नाही. कधी पोटात असा पीळ पडायचा की एका डॉक्टरांनी आंत्रपुच्छ काढायची तयारी केली. तिसऱ्या दिवशी पोट शांत. पित्ताच्या गोळ्या, ॲलर्जीच्या गोळ्या, सगळ्या घेतल्या. हिवाळ्यातलं भरीत बंद झालं, कारण वांगं बाधतं असं प्रत्येकजण सांगे. खानदेशी माणसाचं भरीत तोडल्यावर उरतं काय? सूज तरीही येतच राहिली. मी जेवताना ताटाच्या कडेत ओठ बघायचो, सलूनमध्ये दुसऱ्याच्या दाढीच्या आरशात डोकावायचो, एस.टी. थांबली की ड्रायव्हरच्या आरशासाठी मान लांब करायचो. नाटकात उभा असलो तरी जीभ आतून गालाची चाचपणी करत असायची. आज कुठे? आता कुठे?

शेवटी दाढ किडली, आणि त्यानिमित्ताने जळगावच्या एका डॉक्टरांपुढे बसलो. बाई तरुण होत्या, मुंबईला शिकून आलेल्या. त्यांनी दाढ बाजूला ठेवली आणि भलतेच प्रश्न विचारले. खाज येते का? अंगावर गांधी उठतात का? आणि मग, "घरात असं आणखी कोणाला?"

मी हसत हसत फुगऱ्यांची कथा रंगवून सांगितली. त्या हसल्या नाहीत. "कोणी अचानक गेलं होतं का?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी गावी जाऊन नानांना विचारलं. त्यांनी हातातला बैल दावणीला बांधला. मग त्यांनी आक्काचं सांगितलं. आक्का त्यांची मोठी बहीण, चाळीसगावकडे दिलेली. तिशी नुकतीच ओलांडली होती. बाजारात बसणाऱ्या माणसाकडून तिने दाढ उपटून घेतली. दुसऱ्या दिवशी गाल फुगला, मग ती बोलेनाशी झाली, पाणी दिलं तर पेला सरकवून देई. सासू म्हणाली, "फुगऱ्यासनी पोर शे, फुगीसन बठनी. ऱ्हाऊ द्या तिले." आणि दार ओढून घेतलं. दार उघडलं तेव्हा आक्का जिवंत नव्हती.

"रुसून गेली, असंच सगळे म्हणाले," नाना म्हणाले. "मीही तेच म्हणत आलो."

मी पुन्हा जळगावला डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी रक्त मुंबईला पाठवलं होतं, त्याचं उत्तर आलं होतं. शरीराची रोगांशी लढणारी जी फौज असते, तिला आवरून धरणारा एक पदार्थ माझ्या रक्तात जन्मापासूनच कमी होता. थोडंसं निमित्त मिळालं की ती फौज बेफाम होते, नसांमधलं पाणी बाहेर झिरपतं आणि ती जागा फुगते. घराण्यातून येतं, लाखात एखाद्याला असतं. कुणाला लहानपणीच दिसतं, कुणाला माझ्यासारखं तिशी उलटल्यावर. ओठ फुगले तर नुसती फजिती. गळा आतून फुगला तर श्वास बंद. आणि दाढ काढणं हे सगळ्यांत वाईट निमित्त.

दाढ मात्र काढावीच लागणार होती. पू जबड्यात उतरायला लागला होता.

सूज येऊ नये म्हणून आधी काही दिवस गोळ्या घ्यायच्या होत्या. औषधाच्या दुकानातल्या शेठजींनी चिठ्ठी वाचली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "भाऊ, ही तर बायांची गोळी आहे." मी म्हटलं, "शेठ, आमच्या घरात सगळं उलटंच फुगतं."

दाढ काढायच्या दिवशी सकाळी मला कमी पडणारा तो पदार्थ ज्यात असतो, त्या दुसऱ्या कुणाच्या रक्तातल्या पिवळ्या पाण्याची पिशवी शिरेतून दिली. दाढ निघाली. कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याखाली एक ट्रे झाकून ठेवला होता, आणि तो माझ्या गळ्याला भोक पाडण्यासाठी आहे हे मला कुणी सांगावं लागलं नाही. खाटेशी बायको आणि तिच्याशेजारी आबा. गावाकडून एकटेच आले होते, हट्टाने.

डॉक्टर म्हणाल्या, "गळ्यात सूज आली तर आधी आवाज बदलतो. ह्यांना बोलतं ठेवा. गप्प बसू देऊ नका. आवाज बदलला की लगेच हाक मारा."

आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मला बोलायला सांगत होतं, तेही वैद्यकीय कारणासाठी! आबांनी स्टूल जवळ ओढलं. बागेतली पाण्याची मोटर कुठे अडखळते ते घरात बसून ओळखणारा त्यांचा कान. तो त्यांनी माझ्याकडे वळवला आणि हलवलाच नाही.

कापसाचा बोळा निघाला आणि मी सुरू झालो. कचेरीतल्या साहेबांपासून सुरुवात करून भुसावळच्या फलाटावर हरवलेल्या छत्रीपर्यंत आलो. मध्येच आक्काचं सांगितलं, तेव्हा बायकोने तोंड फिरवलं आणि आबांनी माझं मनगट धरलं. मग आखाजीचंही सांगितलं, की आबा, मी रुसलो नव्हतो.

"मंग मुंडी कसाले हलाई?" आबांनी विचारलं. मी घाईघाईने पुन्हा भुसावळच्या छत्रीकडे वळलो.

बोलताना प्रत्येक वाक्यानंतर मी आवंढा गिळून बघत होतो. उतरतोय का? उतरला. आणखी एक. दुपारनंतर किस्से संपत आले तेव्हा आमच्या नाटकातला प्रवेश घेतला आणि सवयीने खलनायकाचा घोगरा आवाज लावला. पहिलंच वाक्य. आबा उठले ते स्टूल उलथून. "आवाज बदलना! आवाज बदलना व माय!" करत कॉरिडॉरमधून धावत सुटले. डॉक्टर धावत आल्या, मागून नर्स ट्रे घेऊन, फडकं निघालं, चकाकणारं काहीतरी दिसलं.

"नाटक... नाटकातला आवाज होता," मी अत्यंत बारीक, अत्यंत स्वच्छ आवाजात म्हणालो.

डॉक्टरांनी डोळे मिटले. "ह्यापुढे फक्त स्वतःचा आवाज," त्या म्हणाल्या. आबा खाटेची दांडी दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि ती सोडायला तयार नव्हते. ते पाहिल्यावर मी नाटक सोडलं आणि स्वतःच्या आवाजात बोलत राहिलो, दिवे लागेपर्यंत, आणि रात्रभरही, डुलकी लागली की आबा कोपराने ढोसत म्हणून.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर डॉक्टर आल्या. त्यांनी माझा गळा पाहिला, गाल दाबला आणि मग माझ्याकडे न बघता आबांना विचारलं, "काय आबा, आवाज कसा आहे?"

आबांचे डोळे तांबारलेले, पागोटं मानेवर आलेलं. जावयाला उलट शब्द बोलणं ज्यांना जन्मात जमलं नाही, ते आबा हात जोडून म्हणाले, "आवाज पहिलासारखाच शे, डॉक्टरबाई... पन हाऊ आवाज आते बंद कराना काही औषध शे का?"