भोपळ्यांची आंघोळ

सारजाबाईंनी जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नाही. फक्त त्यांच्या तोंडाला कुलूप नव्हतं. त्यातून त्या चेष्टा करत ती इतक्या गंभीरपणे, की ऐकणारा हसायचं सोडून तसंच करायला लागायचा.

सोलापूर शहराबाहेरच्या एका कीटक प्रयोगशाळेत त्या कामाला होत्या. आधी बरीच वर्षं ऑफिसात चहा करण्यात गेली. मग किडे सांभाळणारा माणूस बदली होऊन गेला आणि सारजाबाई कीटकखोलीत आल्या. तिथे मांडण्यांवर ओळीनं लाल भोपळे ठेवलेले असत, आणि त्यांच्यावर पिठ्या ढेकूण पोसलेला असे. हा पिठ्या म्हणजे पांढरा, कापसाच्या बोंडागत दिसणारा किडा. डाळिंब, द्राक्ष, जिथे बसेल तिथला रस पिऊन टाकणारा. त्याला खाणारा ढालकिडा प्रयोगशाळेत बरण्यांत वाढवून शेतकऱ्यांना देत. पण ढालकिड्याला वाढायला खाणं हवं, म्हणून आधी पिठ्या वाढवायचा, आणि पिठ्याला खाणं हवं म्हणून भोपळे. सारजाबाई हे सगळं एका दमात सांगत : "भोपळा खातोय पिठ्या, पिठ्याला खातोय ढालकिडा, आन् ढालकिड्यावर खातीया मी!"

सगळ्यात गंमत त्यांना वाटे ती ढालकिड्याच्या पिलांची. त्या अळ्या दिसायला अगदी पिठ्यासारख्याच, तशाच पांढऱ्या, लोकरीच्या. पिठ्यांच्या घोळक्यात बसून पिठ्यांनाच खात, आणि पिठ्यांना पत्ता नसे. "माझ्या धाकट्या जावंवर गेल्यात," असं सारजाबाईंचं मत.

त्या खोलीत बाई रमल्या होत्या. पण ती खोली आता हातची जायच्या बेतात होती. झालं असं, की मागं एक हिशेब तपासणारे साहेब आले होते. त्यांनी भोपळ्यांकडे बोट दाखवून विचारलं, "हे पांढरं काय?" सारजाबाई म्हणाल्या, "त्ये व्हय? गोड असतंय. च्यात घालतो आमी, साखर वाचती." पाहुण्यांनी हातातला कप तसाच खाली ठेवला आणि दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही. प्रयोगशाळेचे प्रमुख वीरभद्रप्पा साहेब अक्कलकोटकडचे, शांत माणूस. पण त्या दिवशी त्यांनी बाईंना आपल्या खोलीत बोलावलं.

"सारजाबाई, आणखी एक चेष्टा अंगाशी आली, की तुम्ही परत चहाला. कळलं?"

"कळलं, साहेब."

कळलं होतंच. वळायचं राहिलं होतं.

फेब्रुवारीअखेर विज्ञान दिन. त्या दिवशी प्रयोगशाळा शाळांसाठी खुली असते. त्या वर्षी साहेबांनी ठरवलं होतं, की पोरांना भिंगातून ढालकिडा पिठ्याला खातो ते जिवंत दाखवायचं. आदल्या दिवशी झाडलोट सुरू झाली. सफाईला कुंडलिक होता. पन्नाशीचा, पापभीरू, आधी कुठल्याशा दवाखान्यात काम केलेला. त्याच्या अंगाला कायम फिनेलचा वास असे आणि डोळ्यांना कायम कुठेतरी डाग दिसत. दुपारी फुलं-रांगोळी आणायला नवी पेठेत निघताना सारजाबाई दारातून म्हणाल्या,

"कुंडलिकराव, उद्या पोरं यायची हायती. सगळं लख्ख झालं पायजे. ते भोपळेबी न्हाऊ घाला की. लई दिस झाले बिचाऱ्यांना आंगूळ न्हाय."

आणि रिक्षात बसून त्या स्वतःशीच हसत गेल्या.

संध्याकाळी झेंडूच्या माळा घेऊन परत आल्या, कीटकखोलीचं दार उघडलं आणि माळा हातातून गळल्या. मांडण्यांवर भोपळे झळाळत होते. नारिंगी, गुळगुळीत, खोबरेलाचा हात फिरवलेले. खोलीत लग्नघरासारखा वास सुटला होता. पिठ्या नावाला नव्हता.

कुंडलिक कोपऱ्यात हात चोळत उभा. "आदी साबण, मग ऊन पाणी, मग त्याल. लई मळ हुता बाई! बघा, त्वांड दिसतंय."

सारजाबाईंनी बघितलं. दिसत होतं. चहाच्या भांड्यापुढे उभ्या राहिलेल्या बाईचं तोंड होतं ते.

"आन् त्ये बरण्यातलं?" त्यांनी घाबरत विचारलं.

"त्येंची झाकणं घट्ट हुती. सकाळच्याला गरम पाण्यात सोडतो."

"हात लावशील तर बघ!"

ढालकिडे वाचले होते, पण त्यांचं जेवण मोरीतून वाहून गेलं होतं. साहेब घरी गेले होते. सकाळी नऊला ते शाळेच्या बसबरोबरच यायचे. तोवर पिठ्या हवा. पिठ्या मिळतो पपईवर, सीताफळावर, जास्वंदीवर. पण आवारातलं एकही झाड किडलेलं नव्हतं. आपल्याच ढालकिड्यांनी सगळं साफ ठेवलेलं. किडकं झाड, अगदी नखशिखांत पिठ्यानं भरलेलं झाड, सारजाबाईंना एकच माहीत होतं. ते त्यांच्याच गल्लीत होतं, आणि मायाक्काच्या दारात होतं.

इथे मायाक्काबद्दल सांगायला हवं. ही सांगोल्याकडची. घरची मेंढरं होती, लग्न होऊन शहरात आली. मेंढरं सुटली, पण जिवंत काहीतरी सांभाळायची हौस सुटली नाही, म्हणून दारात जास्वंद. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायकांसमोर सारजाबाई त्या जास्वंदीकडे बघून म्हणाल्या होत्या, "मायाक्का, तुझ्या झाडाला कोंडा झालाय की गं. शिकेकाईनं न्हाऊ घाल." बायका हसल्या. मायाक्कानं मात्र दुसऱ्या दिवशी खरोखर शिकेकाई उकळून जास्वंदीला न्हाऊ घातलं. अंगणावरून जाणारा-येणारा विचारत राहिला, आणि ही चेष्टा होती हे तिला चौथ्या माणसाकडून कळलं. तेव्हापासून बोलणं बंद.

सारजाबाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा मायाक्का चुलीपुढं बसावं तशी गॅसपुढं पाट घेऊन भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"मायाक्का, काम हुतं गं."

"कोंडा झाला का डोस्क्यात?"

"तुझ्या जास्वंदीवरचं किडं पायजेत."

थापणारा हात थांबला. "काय पायजे?"

सारजाबाईंनी सगळं सांगितलं. भोपळे, साबण, खोबरेल, साहेब, चहा. मायाक्का आधी पदर तोंडाला लावून बसली. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि मग तव्यावरची भाकरी करपेपर्यंत ती हसली.

"म्हंजी त्यो कुंडलिकबी माज्यासारखाच म्हन की!"

"व्हय बाई. दे की किडं."

"देते. पर उद्या नळावर सगळ्या बायकांसमोर बोलायचं, मायाक्काचं झाड लई गुणाचं. कोंडा न्हाय. इलम हाय त्येच्यात, इद्या हाय."

"बोलते."

"आन् किडं माजं हायती. कुनाच्याबी हवाली करायची न्हाय मी. मीच घिऊन येनार. पुढच्या खुर्चीवर बसनार."

"अगं, तितं लेकरं येनार—"

"मग ऱ्हाऊ दे."

"ये बाई, ये!"

सकाळी नळावर सारजाबाईंनी बादली खाली ठेवून जास्वंदीचं कौतुक केलं. मायाक्कानं ते पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं करून घेतलं. मग दोघी रिक्षात बसल्या. मायाक्का लग्नाकार्याच्या साडीत, मांडीवर जास्वंदीच्या पांढऱ्याशुभ्र फांद्यांचं टोपलं, वर ओला फडका. गतिरोधक आला की रिक्षावाल्यावर ओरडे, "हळू की रं! लेकुरवाळ्या हायती त्या!"

बस आली. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, डब्यांचा वास, आणि रांगेत उभं राहा असं ओरडून घसा बसलेल्या बाई. वीरभद्रप्पा साहेब पोरांना घेऊन कीटकखोलीत शिरले, चकाकणारे भोपळे बघून जागीच थबकले आणि सारजाबाईंकडे वळले. सारजाबाईंनी नजर छताला लावली. साहेब काही बोलणार तेवढ्यात कुंडलिक पुढे होऊन अभिमानानं म्हणाला, "साहेब, सारजाबाईंनी सांगितलं, म्हून मी धुतलं."

पोरांच्या माना साहेबांकडे वळल्या.

मग पुढच्या खुर्चीवरून मायाक्का उठली. टेबलावर टोपलं ठेवलं, फडका बाजूला केला. "हे घ्या की साहेब. भोपळ्यावरचं शिळं कशापायी दावता? हे झाडावरचं हाय, ताजं."

साहेबांनी फांदी उचलली. भिंगाखाली धरली. त्यांचा चेहरा अजून काही सांगत नव्हता. सारजाबाईंनी बरणीचं झाकण काढलं. रात्रभर उपाशी ढालकिडे फांदीवर उतरले आणि उशिरा बसलेल्या लग्नाच्या पंगतीसारखे तुटून पडले. पोरं भिंगावर भिंग आपटायला लागली. "खाल्लं! खाल्लं! सर, पाय तेवढे राहिले!" एक वेणीवाली मुलगी मायाक्काकडे वळून म्हणाली, "आजी, तुमचे किडे मेले की."

"मरू दे गं," मायाक्का डोळे पुसत म्हणाली. "घरी लई हायती."

दुपारी बस गेल्यावर साहेबांनी सारजाबाईंना आपल्या खोलीत बोलावलं. बाईंनी जाताना वाटेत चहाच्या भांड्याकडे एकदा बघून घेतलं, कुठे काय ठेवलंय ते.

"ही बाई कुठली?" साहेबांनी विचारलं.

"शेजारीण, साहेब."

"आता नवे भोपळे आणायचे, आणि त्यांच्यावर पिठ्या हिच्याच झाडावरून आणून चढवायचा. रोज. तुम्ही स्वतः. भोपळे पहिल्यासारखे पांढरे झाले तर कीटकखोली. नाही झाले तर चहा."

मग सुरू झाली सारजाबाईंची खरी शिक्षा. रोज सकाळी मायाक्काच्या दारात वाडगा घेऊन उभं राहायचं. मायाक्का आधी त्यांना झाडाची ख्याली-खुशाली विचारायला लावे, मग एक एक पान निवडून देई. "हे न्हाय, हे अजून बारकं हाय." औषध मारायचं तिनं सोडलंच होतं. गल्लीत सांगत फिरे, "सरकारी परयोगाला माज्याकडनं माल जातोय." इकडे भोपळे हळूहळू पांढरे झाले. साहेबांनी एक दिवस मांडणीवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे. राहा इथंच. आणि तोंड सांभाळा."

"व्हय, साहेब," सारजाबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून तोंड त्यांनी खरंच सांभाळलं.

पण जास्वंदीची दशा बघवत नव्हती. पानं वळून गेली होती, कळ्या गळत होत्या, आणि मायाक्काच्या देवाला कित्येक दिवसांत फूल मिळालेलं नव्हतं. झाडाला औषध मार म्हणावं तर मायाक्का अंगावर धावून येई. एका संध्याकाळी सारजाबाई कामावरून येताना पदराच्या टोकात कीटकखोलीतून एक कागदाची पुडी घेऊन आल्या. मायाक्का आत भाकरी थापत होती. पुडी जास्वंदीवर झटकली गेली. तोंडातून एक शब्द निघाला नाही.

थोड्या दिवसांनी सकाळी सकाळी हाक आली.

"सारजे! अगं, हितं ये की! बघ माजं किडं कसं पोसल्यात! एकेक केवढालं झालंय! असलं कधी बघितलंस का?"

सारजाबाईंनी वाकून बघितलं. पांढऱ्या, लोकरीच्या, गलेलठ्ठ अळ्या पानापानांवर पिठ्यांच्या घोळक्यात बसून मन लावून जेवत होत्या. वरच्या शेंड्याला एक कळी लाल होऊ लागली होती.

चेहऱ्यावरची रेष हलू न देता सारजाबाई म्हणाल्या, "न्हाय गं बाई. तुझ्या हाताला गुणच हाय."