पहिल्या रहिवाशांचा फोटो

आमच्या भागातल्या लायब्ररीत ‘पहिले रहिवासी’ नावाचं प्रदर्शन लागलंय म्हणून लेक मला हौसेने घेऊन गेली. इंग्लंडमधलं हे मिल्टन कीन्स शहर नुकतं वसत होतं तेव्हा आम्ही इथे आलो. गल्लीतलं दुसरं बिऱ्हाड आमचं. दुकान नाही, दिवे नाहीत, दारापासून रस्त्यापर्यंत चिखलावर फळ्या टाकलेल्या. हे हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, त्यामुळे कोणाच्या पोराला ताप आला की आधी आमचं दार वाजायचं. ह्यांनी कधी कपाळाला आठी घातली नाही. आता हे नाहीत, आणि आमचं इथे कुठेतरी नाव राहावं एवढीच माझी इच्छा होती.

भिंतीवर आमच्या गल्लीचा फोटो होता. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला तो दिवस मला लख्ख आठवतो. हे ड्यूटीवर होते. दारात एवढी माणसं जमलेली, आणि मी त्यांना चहाशिवाय जाऊ देणार? मी आत जाऊन आलं किसलं, कप पुरेनात म्हणून स्टीलची फुलपात्रं काढली, ट्रे बाहेर पाठवून दुसरं आधण ठेवलं. तेवढ्यात फोटो काढून झाला. सगळे शेजारी हसतायत, हातात माझी फुलपात्रं.

“आई, तू कुठे आहेस?” लेकीने विचारलं.

“आत. चहा करतेय,” मी म्हणाले. संतापाने माझे डोळे भरून आले.

तिथे प्रदर्शनाचं काम बघणारी एक गोरी बाई होती. लेकीने तिला सगळं सांगितलं. तिने गोड हसून ऐकून घेतलं आणि आम्हाला कोपऱ्यातल्या वेगळ्या बोर्डकडे नेलं. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘नंतर आलेले’ असं लिहिलेलं, खाली पणत्या नि मेंदीचे हात. ह्या बोर्डसाठी तुमची एखादी जुनी साडी द्याल का, असं तिने मला विचारलं. गल्लीच्या फोटोखाली आमच्याबद्दल दोन ओळी लिहाल का, असं लेकीने विचारलं, तर म्हणे, फोटोत नसलेल्यांची नावं कशी घालणार.

मला राहवलं नाही. तुम्ही ह्या गावात कधी आलात, असं मी तिला विचारलं.

ती आनंदाने म्हणाली, “दहाएक वर्षं झाली. इथून तासाभरावरच्या मेडनहेडहून आलो आम्ही.”

त्या कोपऱ्यातल्या ‘नंतर आलेले’ बोर्डवर मेडनहेडचं कोणी नव्हतं.