नर्सबाईंची रजा

निपाणीजवळ ऊसतोड मजुरांच्या तळावर मी शाळाबाह्य पोरांची यादी करायला गेलो होतो. तिथं लशीचा डबा खांद्याला अडकवून एक नर्स पाचटाच्या कोप्यांमधून, त्या झोपड्यांमधून, तरातरा फिरत होती. बसणं तिला माहीतच नसावं.

एक बाई लेकीला पाठीमागं घालून उभी राहिली. "सुईचं भ्या न्हाई. पर उद्या हिला ताप आला तर मला कोपीवर थांबावं लागंल. नवरा-बायकोची जोडी म्हंजी एक कोयता. एकट्या नवऱ्याचा मुकादमाला चालत न्हाई."

"ताप आला तर मी येऊन बसते हिच्यापाशी," नर्स म्हणाली. "तू जा फडात."

बाईनं लेकीला पुढं केलं. ते ऐकून बाकीच्या बायाही पोरांना घेऊन पुढं सरकल्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्या कोप्या रिकाम्या होत्या. एकीत मात्र ती बसली होती, रजा टाकून, सात तापलेली पोरं भोवती घेऊन.