गालातला पांढरा डाग

अंगणवाडीत मी मुलांना दात घासायला शिकवते. वाटाण्याएवढी पेस्ट घ्यायची, मागच्या दाढा विसरायच्या नाहीत, रात्री झोपताना पुन्हा घासायचे. आणि रोज सकाळी चुलीपाशी बसून मी स्वतः मिश्री लावायची. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. लग्न होऊन विट्याजवळच्या या गावात आले, तेव्हा दाढ दुखत होती म्हणून सासूबाईंनी चिमूटभर दिली. दाढ थांबली, मिश्री थांबली नाही. बावीस वर्षं.

गेल्या उन्हाळ्यात गालाच्या आत पांढरा डाग दिसला. आमटी झोंबायला लागली. महिनाभर कुणाला बोलले नाही, नुसती जिभेनं चाचपत राहिले. शेवटी मालकांना सांगितलं. ते फौजेतून निवृत्त झालेले. दुसऱ्याच दिवशी मला मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी गालाचा बारीक तुकडा तपासायला काढला. रिपोर्ट आठ दिवसांनी मिळेल म्हणाल्या.

मिश्रीचा डबा मी त्याच संध्याकाळी चुलीत रिकामा केला. मग मात्र कुठंच बूड टेकेना. डोकं ठणकायचं. हजेरी चुकायची, खिचडीत मीठ दोनदा पडायचं. मुलं ब्रश घेऊन रांगेत उभी राहिली की मी बाहेर निघून जायची.

मी मिश्री सोडली ते सासूबाईंना पटेना. "मी चाळीस वर्सं लावतीया. मला काय झालंय?"

"आत्या, तुमच्या तोंडात दात किती ऱ्हायलेत?"

त्यांना तीन दात होते. त्या उठून आत गेल्या.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. पण मिश्री पुन्हा लावलीत तर पुढचं सांगता येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मऊ ब्रशनं दोन वेळा दात घासायचे आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं ठरलं.

पुढच्या माता-बैठकीत मी बायांना सगळं सांगून टाकलं. निम्म्या जणींनी तोंडाला पदर लावला. एकीनं हळूच विचारलं, "बाई, मिश्री नाही लावली तर सकाळी पोट कसं साफ व्हायचं?" कुणी हसलं नाही, सगळ्यांना तीच अडचण होती. पहिले पंधरा दिवस जड जातात, कोमट पाणी प्या, मी सोबत आहे, एवढंच मला सांगता आलं. चौघींनी सोडली. एकीनं पुन्हा धरली.

डाग आता फिकट झालाय, गेलेला नाही. मिरजेला दाखवायला जायच्या आदल्या दिवशी मी अजून जिभेनं गाल चाचपत राहते.