लेबलताई आणि उंदराचे खेळ

लेबलताई हे नाव तिला नवऱ्यानं दिलं आणि ते इतकं चिकटलं की तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं. रक्त तपासायच्या लॅबमध्ये तिची नोकरी. ट्यूबवर लेबल लावायचं, त्यावर नाव, वय, तारीख, आणि ते सरळ बसलंय ना ते बघायचं. वर्षानुवर्षं हेच केल्यावर ती सवय घरी आली नसती तरच नवल. स्वयंपाकघरात एका डब्यावर ‘साखर’ आणि शेजारच्यावर ‘मीठ, साखर नव्हे’ असं लिहिलेलं होतं. सासूबाई म्हणायच्या, “उद्या माझ्या कपाळावरही चिकटवशील.” लेबलताई हसायची, पण कल्पना तिला अगदीच वाईट वाटायची नाही.

अशा बाईला जुने कॉम्प्युटरचे खेळ जपणाऱ्या मंडळींनी डोक्यावर घेतलं. ही मंडळी जागोजागची, एकमेकांना फोनवरच ओळखणारी. एके काळी टीव्हीला जोडायचे छोटे कॉम्प्युटर असत, त्यांचे खेळ कॅसेटवर मिळत. ते कॉम्प्युटर भंगारात गेले, कॅसेटना बुरशी लागली. म्हणून या लोकांनी आजच्या कॉम्प्युटरला जुन्याचं सोंग घ्यायला लावणारा एक प्रोग्राम केला होता, आणि त्यात ते जुने खेळ पुन्हा चालत. पण फाईलचं नाव ठरल्याप्रमाणे असेल तरच प्रोग्राम खेळ ओळखायचा आणि पडद्यावर त्याची माहिती दाखवायचा. नाव, साल, करणाऱ्याचं नाव-आडनाव, आणि एकाच नावाचे दोन असले तर प्रतीचा आकडा. बाकी एक अक्षर नको. हा नियम लेबलताईचा, आणि तो मोडणाऱ्याची ती सगळ्यांसमोर हजेरी घ्यायची. खेळ उघडून बघायची मात्र तिला कधी गरज वाटली नाही.

कॅसेटकाका या मंडळींत उशिरा आले. तिच्याच गावात त्यांचं खेळाच्या कॅसेट भाड्यानं द्यायचं दुकान होतं, आता ते नावापुरतंच उघडं असायचं. त्यात उंदराचा एक खेळ पोरांना फार आवडायचा. उंदरानं मांजर चुकवून बिळात जायचं, एवढाच. पण त्या काळी खेळाच्या प्रोग्राममधल्या ओळी बदलून खेळ हवा तसा करता यायचा. मग मोहल्ल्यातली पोरं आपापला उंदीर करायची आणि कॅसेट कौतुकानं काकांकडे ठेवून जायची. काकांनी त्या सगळ्या जपल्या, म्हातारपणी खटपट करून फाईली केल्या आणि एकेक कॅसेट हातात घेऊन आठवेल तशी त्यांना आपल्या मनानं नावं दिली. ‘उंदीर, शिंप्याच्या धाकटीचा’. ‘उंदीर, दोघा भावांनी भांडून केलेला’. ‘उंदीर, वर्गात पहिला येऊनही गप्प राहणाऱ्याचा’.

ती नावं बघून लेबलताईच्या अंगाचा तिळपापड झाला. “काका, हे काय चालवलंय? फाईलचं नाव आहे की गावगप्पा?”

“अगं पोरी, मला तसंच आठवतं ना,” काका ओशाळून म्हणाले.

तिनं नावं साफ करायचा प्रोग्राम चालवला. नियमात न बसणारं सगळं गळून पडलं आणि मागे राहिले ‘उंदीर, प्रत पहिली’, ‘उंदीर, प्रत दुसरी’ असे शिस्तीत उभे राहिलेले उंदीर. वर तिनं काकांना बजावलं, “तुमच्याकडच्या आता पुसून टाका. दोन ठिकाणी दोन नावं म्हणजे पुढे गोंधळ.” काकांनी मुकाट्यानं पुसल्या. कॅसेट तर बुरशीमुळे त्यांनी आधीच टाकल्या होत्या. तिला त्या दिवशी फार समाधान वाटलं. त्या समाधानाचीच पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

काही महिन्यांनी काकांचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. “दुकान बंद करतोय. पण त्याआधी त्या पोरांपैकी जी सापडली त्यांना बोलावलंय. आता घोडे झालेत सगळे. ज्याचा उंदीर त्याच्या हातात द्यायचा आणि शटर ओढायचं. मी दिलेली ज्याची त्याची नावं परत घालून फाईली घेऊन ये हं.”

नावं कुठून घालणार? तिनं सगळं धुंडाळलं, मंडळींना विचारलं. जुनी नावं कुणाकडेच नव्हती, कारण तिचा नियम सगळ्यांनी पाळला होता.

“सांगून टाक त्यांना,” नवरा म्हणाला. “म्हातारा काय खाणार आहे तुला?”

“सांगते उद्या,” ती म्हणाली. रोज म्हणत राहिली. आणि शेवटी तिनं जे केलं ते लिहितानाही बरं वाटत नाही. तिला जुन्यातली जी नावं आठवत होती, ती तिनं वाटेल त्या उंदराला लावून टाकली. साल अंदाजानं ठोकून दिलं. पडद्यावर सगळं इतकं नीटनेटकं दिसत होतं की क्षणभर तिलाही ते खरं वाटलं.

दुकानातल्या रिकाम्या फळ्यांपुढे खुर्च्या मांडल्या होत्या. टक्कल पडलेले, चष्मा लागलेले लोक एकमेकांना जुन्या टोपणनावांनी हाका मारत होते. शिंप्याची धाकटी आता दातांची डॉक्टर झाली होती. तिच्या नावाचा उंदीर पडद्यावर आला. ती वाकून बघत राहिली.

“माझं मांजर लंगडं होतं ना?” ती हळूच म्हणाली. “जाऊ दे. मीच विसरले असेन.”

मग दोघे भाऊ. त्यांचंही तेच. मोठा म्हणाला, “हा आपला वाटत नाही रे.” धाकटा म्हणाला, “इतक्या वर्षांनी काय आठवतंय तुला!”

काकांचा चेहरा उतरला. ते एकदा पडद्याकडे, एकदा पोरांकडे बघत होते. “माझ्याच हातून उलटसुलट झालं असणार,” ते म्हणाले. “वय झालं बाबांनो. डोकं चालत नाही आता. माफ करा.”

“असू द्या हो काका,” सगळे म्हणाले, आणि त्या ‘असू द्या’मध्ये कीव होती. लेबलताईला ती ऐकवेना. तोंड लपवायला त्या एवढ्याशा दुकानात जागाही नव्हती.

“काका, तुमचं काही चुकलं नाही,” ती उभी राहून म्हणाली. “तुम्ही दिलेली नावं मी पुसली. आणि ही आत्ताची मी मनानं लिहिली.”

काकांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

“पुसली ते एक वेळ समजू शकतो,” ते म्हणाले. “पण खोटी का लिहिलीस? रिकामं ठेवायचं. मी यांना विचारलं असतं.”

“रिकामं बरं दिसत नव्हतं,” ती म्हणाली. तेच खरं होतं, आणि याहून लाजिरवाणं उत्तर तिनं आयुष्यात दिलं नव्हतं.

कुणी तिला रागावलं नाही. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, “उघडा बघू एकेक.” मग लंगडं मांजर सापडलं. दोघा भावांचा उंदीर सापडला, तो दर दोन पावलांनी दिशा बदलत होता. हशा पिकला. लेबलताई मान खाली घालून ते सांगतील ते लिहीत होती. तिला वाटू लागलं, निभावलं म्हणायचं.

शेवटी एक राहिला. त्यात मांजरच नव्हतं. उंदीर एकटाच रिकाम्या घरभर फिरायचा, आणि बिळाशी पोचला की तिथं एक छोटा दिवा लागायचा. सगळ्यांनी तो टक लावून पाहिला.

“माझा नाही.”

“आमचाही नाही. कोण होतं रे असं?”

सगळे काकांकडे वळले. काकांनी डोळे मिटले, कपाळ चोळलं, पुन्हा एकदा तो दिवा लागू दिला. लेबलताई बोटं तयार ठेवून थांबली होती.

“कुणाचा आहे हा, काका?” तिनं विचारलं.

“मला कुठलं आठवायला,” काका म्हणाले. “म्हणून तर नावात लिहिलं होतं.”